एका टांगेची मेहरबानी

वालूर, संक्रांतीनंतरचा सोमवार

तीर्थरूप बसवंतमामांच्या पायांवर भाचा शिवरुद्र याचे डोके ठेवून शरणार्थ. हैदराबादच्या थंडीत मामींचा दमा कसा आहे ते सवडीने कळवावे. इकडे ज्वारी हुरड्याला आली आहे, कापडाचे दुकान चालते आहे, आणि मी तुमच्या उपकाराखाली पुरता दबलो आहे. तेच सांगायला बसलो.

हिवतापानंतर माझा उजवा हात थरथरतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. पाथरीच्या लग्नात नवरीचा फोटो काढला, तर तिला दोन नाके आली. (व्याही म्हणाले, "आमी एका नाकाची पोरगी पसंत केली होती.") मग सुताराकडून क्यामेरा ठेवायला तीन पायांची घोडी करून घेतली. पुढच्या मांडवात तिचा एक पाय पंगतीत गेला, दुसऱ्यात पाहुण्याचे धोतर अडकले, तिसऱ्याला कुणीतरी शेळी बांधली. शेळीला पाला दिसला आणि फोटो मांडवाच्या छताचा आला. रडकुंडीला येऊन तुम्हाला लिहिले, तेव्हा तुम्ही ही लांब-आखूड होणारी काठी धाडलीत.

मामा, खरे सांगतो, पार्सल उघडल्यावर मला वाटले बाकीच्या दोन टांगा रेल्वेतच राहिल्या. चौकशीला स्वतः पूर्णा जंक्शनात गेलो. "माझ्या दोन टांगा हरवल्यात," म्हटले, तर बाबूंनी आधी माझ्या पायांकडे पाहिले आणि अदबीने म्हणाले, "टांगे स्टेशनाबाहेर मिळतील, साहेब." घरी येऊन काठी अंगणात उभी केली, वर क्यामेरा बसवला आणि हात सोडला. क्यामेरा थेट गव्हाणीत! (कडब्याने वाचला. म्हैस मात्र तेव्हापासून गव्हाण हुंगल्याशिवाय खात नाही.) चुलीपुढून तुमची भाचेसून उमादेवी ओरडली, "अवो, एक पाय तिचा, दोन तुमचे! हात सोडलाच कशाला?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आता पाय फाकून उभा राहतो, काठी छातीशी आवळतो, श्वास रोखतो आणि खटका दाबतो. हात थरथरला तरी काठी त्याचे ऐकत नाही.

शेजारच्या तानुबाईंचा एकुलता एक भुजंग लढाईवर निघाला. आदल्या दिवशी त्या दुकानात आल्या. "शिवरुद्रा, माझ्या लेकराचं तोंड मला घरात पाहिजे. पर दोन नाकं नको रं बाबा." सेलूच्या स्टेशनात ट्रंका, वळकट्या आणि रडणारी माणसे यांतून मला उभे राहायलाच जेमतेम जागा होती, घोडी तिथे मांडताच आली नसती. खाकी कपड्यातला भुजंग डब्याच्या दारात वाकला. तानुबाईंनी दोन्ही हातांत त्याचे तोंड धरले. गार्डाची शिट्टी झाली आणि माझा हात कापू लागला, या वेळी हिवतापाने नव्हे. काठी छातीशी घट्ट धरली, खटका दाबला, आणि गाडी हलली.

फोटो असा लख्ख आला, की तानुबाईंच्या हनुवटीवरचे गोंदणसुद्धा दिसते. त्यांनी तो पदराने पुसला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "हसायलाय बघ. लय पाणी होतं डोळ्यांत, तवा दिसलंच न्हवतं मला."

मामा, एवढ्या एका बोलासाठी तुमचा शुक्रिया कोणत्या तोंडाने मानू? भुजंग सुखरूप परत येवो, मग तोच फोटो घेऊन दोघे तुमच्या पाया पडायला येऊ. मामींना माझे शरणार्थ.

तुमच्या मेहरबानीत उभा,
शिवरुद्र

ता.क. तानुबाईंनी तुमच्यासाठी तिळाच्या वड्या दिल्या आहेत. हैदराबादला कुणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठवतो.

आणखी ता.क. अशीच दुसरी काठी मिळेल का? पहिली आईने, म्हणजे तुमच्या मल्लम्माअक्काने, ठेवून घेतली. "माझ्या भावानं धाडली, म्हंजे माझ्यासाठीच की!" असे म्हणून तिने काठी आपल्या उंचीला बेतून घेतली, वरच्या स्क्रूला चिंध्यांची मूठ बांधली, आणि कंबर धरल्यापासून काल पहिल्यांदा कुणाचा हात न धरता महादेवाच्या देवळापर्यंत जाऊन आली. परत मागायला माझी जीभ उचलत नाही. नव्या पार्सलावर माझे नाव ठळक घालावे. आणि पहिलीही माझीच होती हे तिला कळवू नये. तिचे गावभर भावाचे कौतुक सांगून झाले आहे.