निळ्या-पिवळ्या शेपटीची मिसेस पूल

२ मार्च, सोमवार

नळीत सापाचं डोकं अडकवून शेपटीच्या खुळखुळ्याला रंग लावला — निळा आणि पिवळा. सहावीचा अख्खा वर्ग टेकडीवर हजर. आता ही रॅटलस्नेक कुठंही दिसली तरी 'आपली' म्हणून ओळखू येणार. पोरांनी मतदान घेऊन नाव ठेवलं मिसेस पूल — आमच्या मुख्याध्यापिकेचंच. बाई हसल्या, पण पुरत्या नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, साप शिकवा, जत्रेबद्दल बोलू नका.

जत्रा चौदा तारखेला, शनिवारी. टेक्सासच्या या कोपऱ्यात गावच्या गाव साप धरतं, मैदानात मुंडकी उडवतं, वर तळून खातं. जनमेजयाच्या सर्पयज्ञात निदान मंत्र होते, इथं बिअर. तो थांबवणारा आस्तिक ऋषी म्हणजे इथं मी, वीस वर्षं — अजून एकही यज्ञ थांबलेला नाही.

४ मार्च, बुधवार

बोललोच. बिळात पेट्रोलचा धूर सोडतात, साप कसे गुदमरतात, किती तडफडतात — सगळं. मार्ली टॅकेट रडली. बाप ड्वेन इथला नामांकित सापधऱ्या. वर्ग सुटल्यावर तिनं विचारलं, "सर, मिसेस पूलना पण?"

म्हटलं, बीळ सापडलं तर त्यांनाही.

रडली म्हणजे धडा उतरला! मास्तरांची जात दुष्ट.

९ मार्च, सोमवार

ड्वेन दुकानात भेटला. पोरगी त्याला खुनी म्हणते, एका टेबलावर जेवत नाही. मग हसून म्हणाला, टेकडी कळली आहे, शुक्रवारी धुराचा पंप घेऊन जाणार. "रंगीत शेपटी तुम्हाला राखून ठेवतो, मास्तर."

मुख्याध्यापिकेकडे गेलो. जागेच्या मालकाकडे गेलो. दोघांनी कॉफी पाजली.

१२ मार्च, गुरुवार

इस्पितळात.

मार्ली सकाळी फावडं घेऊन एकटीच टेकडीवर गेली. मिसेस पूल उन्हाला बिळाच्या तोंडाशी आलेली, गारठ्यानं सुस्त.

"एका घावात केलं, सर. धुरात तडफडायला नको म्हणून."

हे मला सांगितलं, बापाला नाही. स्वरात थोडा अभिमान. उजवा हात कोपरापर्यंत काळानिळा.

तोडलेलं मुंडकंही तासभर चावू शकतं. ड्वेनला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. उचललंस कशाला, विचारलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

२१ मार्च, शनिवार

जत्रा झाली. चांगली झाली म्हणतात. मार्लीची तीन बोटं काढली.

आज आपणहून बोलली. "उचलून मी डोळे मिटवत होते त्यांचे. मिटेचनात."

सापाला पापण्या नसतात. तो धडा मी जत्रेनंतर ठेवला होता.