बिऱ्हाडाची वाट

अक्का,

बावीस वर्षं आपण एकाच घरात राहिलो. पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आज आली, कारण जे बोलायचं आहे ते या घरात दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

सकाळी ग्रामपंचायतीचा शिपाई शांतता समितीची वही घेऊन आला होता. समितीत बायका घ्यायच्या असा वरून आदेश आलाय. त्यातली एक मी. वहीत उद्याच्या बैठकीचा वृत्तान्त आजच लिहून तयार होता. माझी सही कुठे हवी तिथे पेन्सिलने फुली होती.

"मॅडम, हितं सही करा. उद्या ठाण्यात यायची गरज न्हाई. आबा हायतच की."

आबा आहेतच. तुम्ही जाऊन दोन महिने झाले, पण तुमच्या नवऱ्याची अध्यक्षाची खुर्ची होती तिथेच आहे. मी सही करण्याआधी वाचायला घेतलं, तर शिपाई हसला. "वाचताय व्हय?" म्हणाला.

ठराव दुसरा असा: माण तालुक्याकडून येणाऱ्या मेंढपाळांच्या बिऱ्हाडांना गावातून जाण्यास मनाई करण्यात येत आहे. सर्वानुमते मंजूर.

तुम्ही उघडलेली वाट बंद होणार, आणि तीही माझ्या सहीने. मी सही न करताच वही परत पाठवली.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात? दोन वर्षांपूर्वी काय म्हणाला होतात, ते मला शब्द न शब्द आठवतं. मेंढरं कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली होती. आपल्या पोरांनी एका धनगराला मारलं, त्यांनी आपल्या एकाचा हात मोडला. मग तडजोडीची बैठक आपल्याच सोप्यात बसली. दोन्हीकडचे पुरुष, मध्ये फौजदार. ठरलं की यापुढे मेंढरं गावातून न्यायची नाहीत, कॅनॉलच्या कडेने न्यायची. सगळे खूश. तुम्ही कपबशा उचलत होतात. उचलता उचलता म्हणालात, "मेंढरं जातील वो कॅनॉलनं. बिऱ्हाड कुठनं जाणार? तिकडं घोडं उतरत न्हाई."

आबा म्हणाले, "ते त्यांचं ते बघतील."

मेंढरांबरोबर पुरुष पुढे जातात. मागून घोड्यांवर भांडी, कोकरं, कोंबड्या आणि लेकरं लादून बायका येतात. हे दर वर्षी दिवाळीनंतर गावाच्या डोळ्यांसमोरून जातं. तरी तडजोड झाली फक्त मेंढरांची! वीस माणसं बसली होती आणि एकाच्याही ध्यानात आलं नाही की घर वेगळ्या वाटेने चालतं. तुमच्या ध्यानात आलं, कारण ठकूबाईचं बिऱ्हाड दर साल आपल्या रानात उतरतं, आणि तिच्या चुलीपाशी बसायला या गावातून तुम्ही एकट्याच जायचात.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गावात शिरली. सोबत चार बायका, सहा घोडी. पोरांना वाटलं, यांनी शब्द मोडला. दूध डेअरीपाशी काठ्या जमल्या. मी कॉलेजला निघाले होते. गाडी बंद करून कडेला उभी राहिले. होय, उभी राहिले. तुम्ही मात्र दुधाची किटली खाली ठेवलीत आणि जाऊन पहिल्या घोड्याचा कासरा धरलात.

"काकू, बाजूला व्हा. लागंल," एक जण म्हणाला.

"तुझ्या बारशाच्या घुगऱ्या मी शिजवल्यात रं. मला लागंल म्हणून तू सांगतोस व्हय? घोडं माझ्या रानात चाललंय. पावणं हायती माझं. मारायचं आसंल तर आदी मला मार, आन मग तुझ्या आयला जाऊन सांग कुणाला मारलं ते."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. हसू आलं की काठी उचलत नाही. तुम्ही ते बिऱ्हाड गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी पोचवलंत. आठवड्याभरात समितीने ठराव दुरुस्त केला: मेंढरं कॅनॉलने, बिऱ्हाड गावातून. तुमचंच वाक्य होतं, पण वहीत ते समितीचं झालं. पुढे तालुक्याला सत्कार झाला. फोटोत आठ पुरुष आहेत.

आता जे लिहिते ते तुम्हाला माहीत होतं का, हे मला कधीच कळलं नाही. त्या सत्काराआधी जो अहवाल गेला, तो मी लिहिला होता. मराठी शिकवते म्हणून माझ्याकडे आला. त्यात तुमचं नाव मी पहिल्या मसुद्यात घातलं होतं. आबा म्हणाले, "घरच्या बाईचं नाव बरं दिसत न्हाई." मी ते काढलं. वादही घातला नाही. त्या जागी 'समितीने प्रसंगावधान राखून मार्ग काढला' असं लिहिलं. वाक्य छान झालं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. मीही ते ऐकून घेतलं.

तुमच्यावरही माझा राग आहे, अक्का. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, मी रागावते. फोटोच्या वेळी कुणीतरी तुम्हाला हाक मारली होती. तुम्ही मागच्या मागे निघून गेलात. मी नंतर विचारलं तर म्हणालात, "नाव कशाला पायजे गं? काम झालं न्हवं?" काम झालं नव्हतं. नाव नव्हतं, म्हणून वाट कुणाची तेही वहीत राहिलं नाही. आज ती बंद करायला कुणाला विचारावंही लागत नाही.

आणि तुमच्या शोकसभेत काय बोलले माहीत आहे? अक्कांच्या हातचा चहा. पाच जण बोलले, पाचही जण चहावर बोलले. भांडण मिटवणाऱ्या बाईची आठवण म्हणून एवढंच उरावं? मी पुढच्या रांगेत बसले होते. तेव्हाही उठले नाही.

म्हणून आज दुपारी आबांना विचारलं. ते म्हणाले, पोरांची तक्रार आहे, उसाच्या ट्रॅक्टरांना घोडी आडवी येतात.

"ठकूबाईला विचारलंत?"

"तिला काय इचारायचं? तिच्या मालकाशी फोनवर बोलणं झालंय. त्यो हो म्हणाला."

"तो मेंढरांबरोबर असतो, आबा. बिऱ्हाड ती आणते."

"सुनंदाबाई, कॉलेजात शिकवता तेवढं बास हाय. ह्यो बंदोबस्ताचा विषय हाय. बायकांचा न्हवं."

बंदोबस्ताचा विषय! काठ्यांसमोर कोण उभं होतं, आबा? हे मी मोठ्याने म्हणाले. ते उठून गेले. तुम्ही गेल्यापासून ते फारसं बोलत नाहीत, आणि मला त्यांचं वाईटही वाटतं. पण वाईट वाटतं म्हणून सही करू?

मग मी ठकूबाईला फोन लावला. ती विट्याच्या पुढे आली आहे. परवा आपल्या शिवेवर पोचेल. तिला या ठरावातलं काहीच माहीत नव्हतं. उद्या ठाण्यात ये म्हटलं, तर म्हणाली, "मला आत घेत्याल व्हय? मागल्या बारीला मालकासंगं आले हुते तर भाईरच बशीवलं." मग म्हणाली, "येते. घोडी सुनंकडं देते. अक्का न्हाईत, आता कुणीतरी बोलाया पायजेच की."

तुम्हाला शब्द देते तो एवढा. ठकूबाई बोलल्याशिवाय त्या ठरावावर चर्चा होऊ देणार नाही. दोन वर्षांपूर्वी काय घडलं आणि कुणी निभावलं, ते तुमच्या नावासकट सांगेन, आणि अहवालात ते कुणी लपवलं तेही. त्यातूनही ठराव झालाच, तर सर्वानुमते हा शब्द माझ्या हाताने खोडून खाली माझा विरोध लिहीन. ती सही मी करेन.

समितीवर घेतलेल्या बाकीच्या तिघींनाही फोन केले. दोघी येते म्हणाल्या. तिसरी म्हणाली, मालकांना विचारून सांगते. मी तिला म्हटलं, विचार, पण आवरून ठेव, तुझ्या दारावरूनच आम्ही जाणार आहोत.

बैठक अकराला आहे. आम्ही साडेदहाला जाऊन पुढच्या खुर्च्यांवर बसतो.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा