विमानशाळेच्या फाटकाशी

आबा, तुम्ही त्या दिवशी फाटकाशी किती वेळ उभे होतात ते मला पहारेकऱ्याकडून कळलं. तुम्ही स्वतः कधी सांगितलं नाहीत, आणि मीही कधी विचारलं नाही. आता विचारायचं तर तुम्ही नाही. माझं वय तुमच्या तेव्हाच्या वयाच्या बरंच पुढे गेलं आहे, गुडघे धरतात, आणि दुपारी पडल्या पडल्या हटकून तोच दिवस समोर येतो.

दुसरी मोठी लढाई सुरू झाल्याचं आम्हाला सकाळच्या कवायतीत सांगितलं. तोवर पुण्याबाहेरच्या त्या माळावरचं शिक्षण थोडं खेळासारखंच होतं. पत्र्याच्या बराकी, एकावर एक असे दोन कापडी पंख असलेली विमानं, इंजिनातल्या तेलाचा आणि पेट्रोलचा वास. पुढच्या बैठकीत बसलेला गोरा साहेब रबरी नळीतून शिव्या द्यायचा, मागे बसून आम्ही त्या कानात घ्यायचो आणि खाली उतरल्यावर हसायचो. लढाई लागली आणि हसणं थांबलं. वर्षभराचं शिक्षण निम्म्यात उरकायचा हुकूम आला. विमानं तीच, दुरुस्तीवाले तेच, उड्डाणं मात्र वाढत गेली. पहिला मुलगा गेला तेव्हा जेवणघरातली त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी उचलली आणि बाकीच्या खुर्च्या जरा जरा सरकवून मोकळी जागा भरून काढली. तेव्हापासून जेवायला बसताना मी आधी खुर्च्यांमधलं अंतर बघायला लागलो. घास घशाखाली जायचा, पण चव लागायची नाही. पहिली परीक्षा होईपर्यंत घरच्यांनी मागितलं तर मुलाला सोडत असत. एक-दोघांचे वडील येऊन त्यांना घेऊनही गेले. मागे राहिलेले आम्ही त्यांची चेष्टा करायचो, जरा जास्तच मोठ्यानं.

माझ्या शेजारच्या खाटेवर कोकणातला एक मुलगा होता, शाळामास्तरांचा. सकाळी तासभर भांग पाडत बसायचा आणि वर कातडी टोपी चढवून सगळा मोडायचा. त्या सकाळी मी एकट्यानं फेरी मारून उतरलो आणि त्याच विमानात तो चढला. इंजिन बंदसुद्धा केलं नव्हतं. उतरताना बैठक ओली आहे, दवानं की कशानं, एवढंच मी त्याला म्हणालो, आणि त्यानं मान हलवली. वळण घेताना त्याचा वेग कमी पडला. एक पंख खाली झुकला, मग विमान गिरक्या घेत बाभळींच्या पलीकडे गेलं. आम्ही सगळे बघतोय. आवाज येईल म्हणून वाट बघतोय, आणि तो आल्यावरही कुणी जागचं हलत नाही. साहेबानं तासाभरात आम्हाला पुन्हा वर पाठवलं. आज थांबलात तर परत कधी चढणार नाही, म्हणाला. मी चढलो. बाभळींच्या वरूनच जावं लागत होतं. खाली ताडपत्री टाकलेली होती आणि तिच्याभोवती माणसं उभी होती.

उतरलो तर शिपाई सांगत आला, गावाकडचं कुणी फाटकाशी आलंय.

तुम्ही बारामतीहून छोट्या गाडीनं दौंडला, तिथं गाडी बदलून पुण्याला, आणि पुढे टांग्यानं आला होतात. टांगेवाल्यानंच वाटेत सांगितलं होतं, आज सकाळी विमान पडलं, एक देशी पोरगा गेला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला गेलेल्याचं नाव सांगायची परवानगी नव्हती. तुम्ही एकदाच विचारलंत म्हणे. मग पेरूंची पाटी पायाशी ठेवून उन्हात उभे राहिलात. त्यानं सावलीत बसायला सांगितलं तरी हलला नाहीत. डोक्यावरून विमानं जात होती, त्यातल्या एकात मी होतो, आणि तुम्ही मान वर करत नव्हतात.

मी आलो तेव्हा तुम्ही पुढे झाला नाहीत. मी जवळ आल्यावर बैलाच्या अंगावरून फिरवतात तसा माझ्या खांद्यावरून, दंडावरून हात फिरवलात.

"जेवलास का?"

"हो." सकाळपासून पाणीसुद्धा प्यालो नव्हतो.

"तुझ्या बरुबरचा व्हता का?"

"शेजारच्या खाटेवरचा."

"आय हाय त्याला?"

"आहे."

मग पाटी माझ्याकडे सरकवलीत, समद्यांनी वाटून खा म्हणालात. तुमच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं, ते मला दिसत होतं. अजून काही काम होतं का, असं मी विचारलं.

"न्हाय. बघाय आलतो." एवढं बोलून तुम्ही टांग्यात बसलात.

पुढच्याच आठवड्यात मला एकट्यानं लांबची फेरी दिली. सोलापूरच्या सडकेवरून इंदापूर गाठायचं, तिथून नीरेकडे वळायचं आणि कालव्याच्या कडेनं परत यायचं. वरून इंदापूर मूठभर दिसतं. कचेरीचं छप्पर, बाजाराचा चौक, पलीकडे भीमेचं वाळूचं पात्र. बारामतीजवळ आपला मळा लगेच ओळखू आला. गुऱ्हाळ सुरू होतं. धुराची रेघ पूर्वेकडे कलली होती, म्हणजे वारा कुठला ते कळलं. गुऱ्हाळावरची माणसं बाहेर येऊन हात हलवत होती. उसाच्या कडेला पांढऱ्या पटक्याचा एक माणूस होता. मी वळसा घेतला, फार खाली आलो, तसं यायची मनाई असताना. तो माणूस खाली बसला. हात नाही, मान नाही, बांधावर उकिडवा बसून राहिला, मी निघून जाईपर्यंत. मला वाटलं तुम्ही रागावला आहात.

पौषात सुट्टीवर आलो तेव्हा तुम्ही नेहमीसारखेच होतात. काकवी चाखायला दिलीत, जनावरं दाखवलीत. विमानाबद्दल एक शब्द काढला नाहीत. मी पास झालो, पंखांचा बिल्ला मिळाला, पुढे ब्रह्मदेशाच्या हद्दीवर गेलो. आमच्या तुकडीतले निम्मे परत आले नाहीत. तुम्ही गेल्याची तार मला फिरत फिरत मिळाली तेव्हा तुमचे दिवस होऊन गेले होते.

मग लढाई संपल्यावर इंदापूरला ताईच्या सासरी गेलो. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, आणि थापता थापता बोलून गेली, आबा त्या दिवशी पुण्याला तुला घरी आणायलाच गेले होते. दाजींनी कचेरीत माझ्यासाठी कारकुनाची जागा बघून ठेवली होती. आबा परत आले ते एकटेच, दोन दिवस जेवले नाहीत. मग तिनं विचारलं, तेव्हा म्हणाले, "म्या चल म्हनलं आसतं तर त्यो आला आसता. पर जल्मात पुन्हा माझ्याकडं सरळ बगितलं नसतं." त्यानंतर वरून आवाज आला की आबा असतील तिथं खाली बसायचे, असंही तिनं सांगितलं. रस्त्यात असले तरी. लोकांना वाटायचं चक्कर आली.

तिनं भाकरी वाढली. मी खाल्ली. कढईत काय होतं ते आठवत नाही.

आबा, ताईला मी काही बोललो नाही, बायकोलाही नाही. माझ्या छातीवरचा तो बिल्ला बघून गावात लोक उठून उभे राहायचे, त्यामुळे हे सांगायला जागाच कुठं राहिली नाही. त्या दिवशी फाटकाकडे चालत येताना तुमचा पटका लांबून ओळखला, आणि मनात एकच चाललं होतं, की आबांनी घरी चल म्हणावं. अजून काही काम होतं का, हे मी त्याचसाठी विचारलं होतं.