सगुणा मेलीच नाही

सेक्टर २, भिलाई
सप्टेंबर १९६४

प्रिय सुहासिनीताई,

अवो ताई, तुम्ही रायपूरला शाळेत बाई होऊन गेल्या आणि इकडे तुमच्यापायी सेक्टर दोनमध्ये भांडण पेटलं. हसू नका, खरं सांगते. आपल्या मराठी मंडळानं यंदा गणपतीत सगुणेच्या तिन्ही कादंबऱ्यांचं मिळून एक संगीत नाटक बसवलं. लिहिलं ड्रॉइंग ऑफिसातल्या अच्युतरावांनी, सगुणा झाली गाणं शिकलेली गीता. पहिला प्रयोग झाला आणि बायांनी शेवट होऊच दिला नाही. आता येत्या रविवारी दुसरा प्रयोग आहे. अच्युतराव म्हणतात, ज्यात सगुणा जगते ते छापील पुस्तक त्याआधी आणून दाखवा, नाहीतर माझी सगुणा पाण्यात जाणार म्हणजे जाणार. पुस्तक तुमच्याजवळ आणि आमच्यात लिहिता येतं ते मला. म्हणून गयाबाईनं मला धरून बसवलं आहे.

एकोणसाठ सालच्या त्या दुपारी तुम्हाला आठवतात ना? माणसं ड्युटीवर गेली की आम्ही भंडाऱ्याकडच्या साऱ्या बाया तांदळाची सुपं घेऊन तुमच्या व्हरांड्यात यायचो. तुम्ही दुर्गच्या, शिकलेल्या, साहेबाच्या घरच्या, पण स्टोव्हवर चहा करून आम्हाला कपातून द्यायच्या. मग सगुणेचं पुस्तक उघडायच्या. आमच्यात एकीलाही अक्षर येत नव्हतं, तुम्ही वाचाल तेच पुस्तक. गयाबाई तर सगुणेच्या सासूला अशा शिव्या हासडायची की तुम्ही चष्मा काढून डोळे पुसत हसायच्या. माहेरची आठवण यायची त्या दिवसांत ताई, सगुणा आमची भाचीच झाली होती म्हणा ना.

तर नाटक. चारचा प्रयोग होता, पहिल्या पाळीची माणसं गेटवरून सरळ मांडवात आली, डबेसुद्धा हातात. पहिल्याच पदाला तीनदा वन्समोर. शेजारचे बंगाली, तेलुगू लोकही आले होते. एक रशियन मॅडम पुढं खुर्चीवर होती, तिला एक शब्द कळत नसेल पण सगुणेचं लेकरू गेलं तेव्हा ती रुमाल घेऊन रडली. माझा नवरा केवलराम कधी नाटकात बसत नाही, तोही मान खाली घालून बसला होता. सासू झाला होता रोलिंग मिलचा जानराव. इतकी जहरी सासू केली की दुसऱ्या दिवशी बाजारात मथुराबाईनं त्याला भाजी दिली नाही. म्हणे, त्या पोरीले उपाशी ठेवते अन् मले वांगे मागते! बिचारा नुसत्या वरणभातावर राहिला.

शेवटी गीता घाटाच्या पायऱ्या उतरू लागली. निळं कापड हलवून नदी केली होती. गीता गात होती, साऱ्यांचे डोळे भरले होते, तेवढ्यात गयाबाई ताडकन उभी राहिली. थांब वं पोरी, कौशल्या आली नाही अजून विस्तव मागाले! अन् मग काय, पन्नास बाया उभ्या. कोणी म्हणे कौशल्या झालेली बाई झोपली असेल, उठवा तिले. दोघीजणी तर तिला शोधायला पडद्यामागं गेल्या! पेटी थांबली. आमच्या झाडीपट्टीत नाटक बघताना मुकाट कोणी बसत नाही, पण अच्युतरावांना काय माहीत? ते पुस्तक हातात घेऊनच बाहेर आले आणि म्हणाले, या कथेत कौशल्या नावाची बाईच नाही. बाप्पा, काय गलका झाला! कौशल्या नाही कशी? सगुणेची शेजारीण. सगुणेचे पाय पाण्यात भिजले तेव्हा काठावरून तिनंच तर हाक मारली, माझी चूल विझली, तुझ्या घरचा विस्तव दे. विस्तव मागायला आलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? म्हणून सगुणा मागं फिरली. तुम्हीच वाचलं होतं. आम्हा साऱ्यांना तोंडपाठ आहे.

तुम्ही ते वाचलं त्याच साली आषाढात माझी गुलाब गोवरात गेली. दोन वर्षांची होती. मी तुमच्या व्हरांड्यात येऊन बसायची, पण सूप हातात तसंच राहायचं. घरी चूल पेटत नव्हती, केवलराम कॅन्टीनमध्ये खाऊन यायचा आणि माझ्यासाठी पुडीत बांधून आणायचा, ते तसंच पडून राहायचं. तिसरं पुस्तक संपलं त्याच दिवशी पाच वाजता तुम्ही खापराचा तुकडा घेऊन माझ्या दारात उभ्या. मनकर्णा, माझी सिगडी विझली, विस्तव दे. नव्हता, म्हणून मी पेटवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुम्ही. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चिडायची हो मी, हिची सिगडी रोजच कशी विझते म्हणून! पण तुम्हाला द्यायचा म्हणून पेटवावा लागे, पेटला म्हणून भात टाकावा लागे. केवलराम घरी जेवू लागला. दोन घास माझ्याही पोटात जाऊ लागले. दिवाळीनंतर तुम्ही खापरासोबत पाटीही आणू लागल्या आणि मला अक्षरं शिकवली.

आता खरं सांगते ताई. हे पत्र पुस्तकासाठी नाही. परवा मी मंडळाच्या कपाटातून तिसरा भाग आणला आणि तुम्ही शिकवलं तसं ओळीखाली बोट ठेवून शेवटचं पान वाचलं. सगुणा पाण्यात जाते. कौशल्या नाही, विस्तव नाही, कोणी हाक मारत नाही. मग मला आठवलं, त्या दिवशी तुम्ही कितीतरी वेळ पान उलटलंच नव्हतं. मला वाचता येत नव्हतं, पण पान उलटलं की नाही एवढं दिसत होतं. आणि हेही आठवलं, की तुमच्या घरी सिगडी नव्हतीच कधी. त्या संध्याकाळी मी क्वार्टरांमागच्या मुरुमाच्या खदानीवर जाणार होते ताई. पावसानं ती काठोकाठ भरली होती. हे मी केवलरामलाही सांगितलं नाही. तुम्हाला कसं कळलं? काल सगळं अच्युतरावांना सांगितलं. त्यांनी कागद ओढून विचारलं, कौशल्येची हाक नेमकी कशी होती, शब्दन् शब्द सांगा. गीता त्याला चाल लावते आहे. बायांना मी काही बोलले नाही, त्यांच्यासाठी ते छापलेलंच आहे, राहू द्या. पाच वर्षं मी तुमचे उपकार मानले ते अक्षरांचे. हे तर मला माहीतच नव्हतं. पुस्तक पाठवू नका, रविवारी तुम्हीच या, दुपारच्या पॅसेंजरनं पॉवर हाऊस स्टेशनला उतरा. आता माझ्याकडेही स्टोव्ह आला आहे, पण त्या दिवशी मी सिगडी पेटवून ठेवते. एकदा दारात उभ्या राहून विस्तव मागा.

तुमचीच,
मनकर्णा