कांद्याच्या वाफ्यातल्या चार खुंट्या

कासारवाडी,
१६ डिसेंबर १९५६

तीर्थरूप सोपानमामा यांस,

मंजुळाचा नमस्कार. आपले पत्र मंगळवारी पोचले. आपण, मामी, दोन्ही बैल आणि विहिरीवरचे इंजिन सुखरूप असल्याचे वाचून बरे वाटले. (आपल्या पत्रात इंजिन पहिले होते, मी मामींना वर घेतले, एवढाच बदल.) इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा गुडघा थंडीत दुखतो, पण ती तो कोणाला दाखवत नाही, त्यामुळे तोही ठीकच म्हणायचा.

पत्राच्या उरलेल्या तीन पानांत आपण अंबूमावशीविषयी लिहिले आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की आपली थोरली बहीण हिमालयात जाईपर्यंत शहाणी होती आणि परत आल्यावर राहिली नाही. चाकणच्या मळ्यात, ऐन कांद्याच्या मधोमध तिने चार खुंट्या ठोकून त्यांना सुतळी बांधली आहे आणि आतल्या तणाला ती कोणालाही हात लावू देत नाही. तण गुडघ्याला लागले आहे. ती रोज सकाळी तिथे उकिडवी बसून काहीतरी मोजते. येणारेजाणारे हसतात. गेल्या सोमवारी शेजारच्या दत्तोबांनी एका खुंटीला कुंकू लावून पुढे नारळ ठेवला, तर तिने नारळ त्यांच्या हातात परत दिला आणि वर सांगितले, की ह्यो देव न्हाई, नमुना हाय. 'नमुना' हा शब्द तिला मी शिकवला असणार असा आपला संशय आहे. तो बरोबर आहे. बाकीचा खुलासा करते.

मुळात मावशीला पाठवले आपण. आमच्या संस्थेला (चिंचवड स्टेशनजवळच्या त्या तीन खोल्या, आपण त्यांना दवाखाना समजून आत आला होता) कुमाऊँमधल्या बारा हजार फुटांवरच्या एका कुरणाचा अभ्यास करायचा होता. तिथे झाड वाढत नाही. फक्त गवत आणि बोटभर उंचीची रोपे, आणि बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतच्या तीन महिन्यांत त्यांना उगवणे, फुलणे, बी धरणे सगळे उरकावे लागते. काय, किती आणि कसे वाढते हे मोजायला वनस्पतिशास्त्र शिकलेले माणूस हवे होते. ते मी होते. त्यावर आपली अट अशी, की बिनलग्नाची मुलगी परक्या पुरुषांबरोबर इतक्या उंचीवर एकटी जाणार नाही, अंबू बरोबर जाईल. (किती उंचीपर्यंत चालले असते, हे आपण सांगितले नाही.) संस्थेच्या फॉर्मात तिचा हुद्दा विचारला होता. त्या रकान्यात मी 'सोबत' असे लिहिले.

काठगोदामला रेल्वेतून उतरताना हमालाने तिची वळकटी उचलली आणि तिच्यातून खुरपे खाली पडले. मी विचारले, हे कशाला. रानात जायचं तर हातात काय नगं व्हय, असे तिने मलाच विचारले. तेव्हाच ते खुरपे स्टेशनमास्तरच्या ताब्यात द्यायला हवे होते. पण पुढे मोटार, मग सात दिवस पायी चढण, आणि मावशीचा दर मुक्कामावर तिथल्या जमिनीविषयीचा अभिप्राय (सगळी जमीन वाया गेलेली, कोणी नांगर घालत नाही), यात ते राहून गेले.

वर पोचल्यावर आम्ही वीस चौकोन आखले. एक यार्ड लांब, एक यार्ड रुंद, चार कोपऱ्यांना खुंट्या, भोवती सुतळी, सगळे एका रांगेत. आतले प्रत्येक रोप जातवार मोजून वहीत उतरवायचे आणि मग मोसम संपेपर्यंत त्याला स्पर्श करायचा नाही. मोजणे हे काम आहे हे मावशीला दिसत होते. स्पर्श न करणे हेसुद्धा काम आहे, हे मी तिला सांगितले नाही. साऱ्या प्रवासात माझ्याकडून झालेली चूक ती एकच.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आमचे प्रमुख रंगरावसाहेब (चहात साखर नको म्हणाले म्हणून आपल्याला आवडले नव्हते ते) आणि मी हमालांना घेऊन पाच दिवस बर्फाच्या कडेला तापमापक बसवायला गेलो. सोबत म्हणून आलेली मावशी तळावर राहिली, कारण चढताना तिला धाप लागत असे. हे आपल्याला कळवायचे राहिले होते, ते आता कळवते. आम्ही खाली आलो तेव्हा पहिले अकरा चौकोन स्वच्छ होते. स्वच्छ म्हणजे आपल्याला समजेल असे स्वच्छ: माती भुसभुशीत, दगड वेचलेले, मेथीसारखे दिसणारे एक रोप तेवढे जागोजाग राखलेले, आणि बाकी सगळे उपटून, पेंढ्या बांधून खेचरांपुढे टाकलेले. मावशी खुरपे पुसत बसली होती. म्हणाली, "एवढी शिकलेली मान्सं, वाफे कसे सुतात आखल्यात, आन् आत नुसतं तन. मलाच लाज वाटली. तुला तेवढाच हातभार."

रंगरावसाहेब एका दगडावर बसले आणि नऊ मिनिटे काही बोलले नाहीत. (माझ्या हातात घड्याळ होते, तापमानाची वेळ झाली होती.) मग त्यांनी चहा आहे का, असे विचारले, आणि त्यानंतर सुचवले, की अहवालात मेंढ्यांनी खाल्ले असे लिहावे. मी नाही म्हटले. मेंढ्या एकच जात राखून बाकीच्यांच्या पेंढ्या बांधत नाहीत. वहीत मी असे लिहिले: चौकोन एक ते अकरा, अनुभवी व्यक्तीकडून निंदणी. मावशीला मी काही बोलले नाही. चूक तिची नव्हती, आणि बोलून रोपे परत येणार नव्हती.

आणि ती आली नाहीत, मामा. या पत्रातला मुद्दा हा आहे. आपल्या मळ्यात आज खुरपले तर आठव्या दिवशी तण परत हजर असते, आणि आपण त्याला शिव्या देता, आणि हे चाळीस वर्षे चालले आहे. तिथे आठ दिवसांनी काही नव्हते. तीन आठवड्यांनी काही नव्हते. मावशी रोज सकाळी अकराही चौकोन बघून यायची. पहिले काही दिवस ती आपल्या कामावर खूश होती. मग तिने मेंढपाळांना त्या बाजूला फिरकू देणे बंद केले (त्यांची भाषा तिला येत नव्हती, पण तिची त्यांना लगेच आली). ऑगस्टच्या अखेरीस ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तन परत येत न्हाई गं. म्या काय करून बसले?" साहेबांनी तिला खरे ते सांगितले, की इतक्या उंचीवर भुई पुन्हा झाकायला दहा वर्षे लागतील, कदाचित तीस. तिने बोटांवर काहीतरी मोजले. तिचे वय चौपन्न आहे, ते आपल्याला ठाऊक आहेच. त्या दिवशी ती जेवली नाही.

म्हणून आपल्या कांद्यात चार खुंट्या आहेत. तिला रोज एकदा बघायचे असते, की निदान इथे तरी ते परत येते. एक यार्ड जागा आहे. कांद्याचे नुकसान मी मोजून सांगू शकते. ते एका पिशवीत मावेल.

अहवालाचे म्हणाल तर तो वाया गेला नाही. निंदलेल्या अकरा चौकोनांनी जे सांगितले ते न निंदलेल्यांना सांगता आले नसते, हे साहेबांनाही मान्य करावे लागले. त्यांचा स्वतःचा आनंद वेगळाच आहे. बाराव्या चौकोनात निळ्या फुलांची चौसष्ट रोपे आहेत, जूनमध्येही चौसष्ट, सप्टेंबरमध्येही चौसष्ट. पण सप्टेंबरमध्ये साहेबांच्या लक्षात आले, की ती आठाआठांच्या आठ सरळ ओळींत उभी आहेत. बर्फाचे पाणी आणि वाऱ्याची दिशा यांमुळे उंचावरच्या वनस्पती आपोआप रांग धरतात, असा शोध त्यांनी त्यावरून लावला आणि चौदा पानांचा निबंध लिहिला. तो शुक्रवारी छापायला गेला. मी जूनमध्ये रोपांची संख्या टिपली होती, जागा टिपली नव्हती, त्यामुळे मला काही म्हणता आले नाही. ते खुशीत आहेत हे बरेच आहे. गेली सहा वर्षे ते उघड्या पडलेल्या उतारावर हीच रोपे हाताने लावून पाहत आहेत, आणि त्यांनी लावलेले एकही दहा दिवसांपुढे जगलेले नाही.

एवढाच खुलासा. तळेगावच्या स्थळाविषयी आपण विचारले आहे. सध्या उत्तर लिहायला जागा नाही. मामींना नमस्कार, बैलांना वैरण, इंजिनाला तेल.

आपली भाची,
मंजुळा

ता. क. कागदाच्या मागच्या बाजूला जागा निघाली, म्हणून लिहिते. ते अकरा चौकोन पुढच्या मोसमात पुन्हा बघितले नाहीत, तर यंदाच्या मोजणीला अर्थ राहत नाही. मेअखेर निघून सप्टेंबरअखेर परत. मावशीला माझ्याबरोबर पाठवावे. भुईमुगाची खुरपणी नेमकी त्याच दिवसांत येते आणि ती तिच्यावाचून होत नाही, हे मला माहीत आहे. आपला राग तिच्या शहाणपणापेक्षा त्या खुरपणीबद्दल असावा असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर लिहावे. फॉर्म सोबत जोडला आहे. त्यावर कुटुंबप्रमुखाची सही लागते, ती पेनाने करावी.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आत दुपारच्या एस.टी.ने मावशी स्वतःच आली. आपल्याला सांगून निघाली नाही असे म्हणते, तेव्हा शोधू नये. माझ्यावर काय लिहिलंय ते वाच, म्हणाली, म्हणून हे सगळे पत्र तिला वाचून दाखवले. शेवटी म्हणाली, "बाकी समदं बराबर हाय. पर अकरा न्हाई, बारा व्हते. बाराव्यात निळी फुलं व्हती, लई साजरी. काढली आन् नुसती माती बघवंना, म्हनून तवाच परत लावली. कांद्यावानी, ओळीनं."

मी विचारले, त्यातली मेली किती. एकबी न्हाई, असे ती म्हणाली, आणि तुझ्या साहेबाला लावताना रोप दाबता येत न्हाई, मी बघितलंय, असेही म्हणाली.

उद्या सकाळी छापखान्यात जाऊन तो निबंध थांबवायचा आहे आणि त्यानंतर साहेबांना सांगायचे आहे. मावशी बरोबर येते आहे. या नव्या फॉर्मातही तिच्या हुद्द्यापुढे मी 'सोबत' लिहिले होते. ते खोडले आहे. तिथे काय लिहायचे ते साहेब नऊ मिनिटांनी सांगतील. आपण खाली सही तेवढी करून पाठवावी.