हिरव्या चौकटी

सोमवार, ४ मार्च

मोठ्या साहेबांच्या खोलीत गेलो, तर माहितीचा पडदा भिंतीकडे तोंड करून उभा! वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा. साहेब फोनवर. औषधांच्या आमच्या सगळ्या शीतगोदामांची खबर ते अजूनही एका जुन्या ड्रायव्हरकडून घेतात. कुठे किती थंडी, किती माल, सगळं त्या पडद्यावर चौकटीचौकटींत असतं; ठीक असेल तर चौकट हिरवी, बिघडलं तर लाल. बघतो कोण?

पडदा केला आमच्या विदुषीने. माझी थोरली. ती या कंपनीत माहिती विभागाची प्रमुख, मी पत्रव्यवहाराचा. ती माझ्या एक मजला वर बसते, हेही नमूद करून ठेवतो.

साहेब म्हणाले, महिनाअखेरपर्यंत वरिष्ठांपैकी कुणी पडदा वापरताना दिसलं नाही, तर माहिती विभाग गुंडाळू. मसुदा तयार ठेवा. म्हणजे लेकीचा विभाग बंद करण्याचं पत्र बापाने लिहायचं. भाषा उत्तम होईल, त्यात शंका नाही.

बुधवार, ६ मार्च

आज घरी जेवताना विदुषीला सांगून टाकलं. हिने, म्हणजे विदुषीच्या आईने, माझ्याकडे असं पाहिलं, जणू विभाग मीच बंद करतोय. विदुषी मात्र शांतपणे जेवत राहिली. मग म्हणाली, "साहेबांचं काही चुकत नाही बाबा. मीसुद्धा बघत नाही तो पडदा."

मी हातातला घास परत ताटात ठेवला!

तिचं म्हणणं, सगळ्या चौकटी बारा महिने हिरव्या. यंत्रं बिघडतात, वीज जाते, माणसं झोपतात, तरी हिरव्याच. इतकं चांगलं कुठे असतं का?

रविवार, १० मार्च

सुट्टी असून ती एका गोदामात जाऊन आली. गोदामप्रमुख भला माणूस. चहा पाजला आणि खरं सांगितलं. चौकट लाल झाली की वरून खुलासा मागणारं पत्र येतं. त्यापेक्षा कालचाच आकडा आज भरलेला बरा. सगळीच गोदामं तसं करतात म्हणे.

"आणि ती पत्रं तुमची असतात, बाबा."

माझीच. 'आपल्या अक्षम्य अनवधानाची कारणमीमांसा उलट टपाली सादर करावी.' त्या गृहस्थाला ते वाक्य पाठ होतं! क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच.

मूळ पाठच भ्रष्ट, आणि आम्ही त्यावर भाष्यं रचत बसलो होतो.

मंगळवार, १२ मार्च

वरिष्ठांची बैठक. इतिवृत्त लिहायला मी. विदुषीने मागणी केली, लाल चौकटीबद्दल पत्र पाठवणं बंद करा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाकाकडे पाहिलं.

पुरवठाप्रमुख गुरगुरले, "धाक गेला की काम गेलं."

ती म्हणाली, "आत्ता धाक आहे. काम नाही."

साहेब हसले नाहीत, पण महिनाअखेरपर्यंत पत्रं थांबवली. तिचं वाक्य इतिवृत्तात आलं आहे. जरा ठळक अक्षरात.

शुक्रवार, १५ मार्च

तिने नवा पडदा मांडला. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिहिलेलं — मोजून, अंदाजाने, की कुणाच्या सांगण्यावरून. ठाऊक नसेल तर चौकट कोरी.

मी खुर्चीतून उठलोच. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द, ही तर ज्ञानाची जुनी प्रमाणं! तिच्या लहानपणी मी न्यायशास्त्र सांगायला बसलो की ही बाई झोपून जायची. विचारलं, तर म्हणते, "अधूनमधून ऐकू यायचं."

सोमवार, १८ मार्च

निम्म्याहून अधिक चौकटी कोऱ्या. वर नुसता गदारोळ. हिशेबप्रमुखांची तक्रार अशी, की पूर्वी पडदा निदान भरलेला तरी दिसायचा. विदुषीचा चेहरा उतरला आहे. मी मसुद्याला हात लावलेला नाही.

गुरुवार, २१ मार्च

पुरवठाप्रमुख तावातावाने साहेबांच्या खोलीत शिरले, पडदा फिरवला आणि म्हणाले, हे बघा काय चाललंय! साहेबांनी बघितलं. एक चौकट लाल. आकड्यापुढे लिहिलेलं, 'मोजून'.

सवयीप्रमाणे त्यांनी ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, मी रस्त्यावर आहे साहेब, मला आतलं काय कळणार? मग गोदामात लावला. थंडाव्याचं यंत्र सकाळीच बंद पडलं होतं. शेजारच्या गोदामातून गाड्या निघाल्या, माल हलला. औषधं वाचली, एकही खोकं वाया गेलं नाही.

साहेबांनी गोदामप्रमुखाला विचारलं, या वेळी कळवलंत कसं? तो म्हणाला, "आता पत्र येत नाही ना."

मी तिथेच उभा होतो. इतका अभिमान आणि इतका ओशाळलेपणा एकाच वेळी एका माणसात मावत नाही. अभिमानाला जास्त जागा दिली.

शुक्रवार, २२ मार्च

पडदा सरळ झाला! साहेब चष्मा लावून बघतात. आज भर बैठकीत पुरवठाप्रमुखांनाच विचारलं, तुमची ही चौकट कोरी का? ते धावत वर विदुषीकडे.

हे सगळं घरी हिला सांगितलं. ती म्हणाली, संध्याकाळपासून कितव्यांदा?

शुक्रवार, २९ मार्च

माहिती विभाग राहणार. बंद करण्याचा मसुदा शेवटी लिहिलाच नाही. चांगला जमला असता, एवढीच हळहळ.

सोमवार, १ एप्रिल

पत्रं आता कायमची थांबली, तसं आमच्या विभागाला कामच उरलं नाही. साहेबांनी तो माहिती विभागात विलीन केला. आज माझं टेबल वर गेलं. मागोमाग मी.

विदुषी सगळ्यांदेखत म्हणाली, "बसा." मी उभाच राहिलो. ती गोरीमोरी झाली, जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाबा, बसा ना."

म्हटलं, वरिष्ठ उभे असताना बसायची आम्हाला सवय नाही.