गोळी उतरवताना

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मीही सातवीच्या पुढे गेलो नाही. तरी लिहितोय, कारण उद्यापासून माझी गोळी आणखी कमी होणार आणि जीव थाऱ्यावर नाही. मला स्नायू दमायचा आजार झालाय. अंगातली राखण करणारी ताकदच उलटून आपल्या अंगाशी भांडते, असं सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पापण्या मिटायच्या, भाकरीचे चार घास चावले की जबडा गळायचा. स्टेरॉईडच्या गोळीनं ते थांबलं, पण तोंड सुजलं, साखर वाढली. कडेगावच्या बाजारात माणसं म्हणतात, "गड्या, म्हातारपणी लय बाळसं धरलंस रं!" त्यांना काय सांगू?

गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतेल, चालू ठेवली तर हाडं ठिसूळ होतील. म्हणून बाई ती हळूहळू उतरवताहेत. मी मात्र घडीघडी आरशापुढे उभा राहतो, आढ्याला टक लावतो, पापणी खाली येते का बघतो. येतेच. तुझी सून म्हणते, "आवं, त्यो आरसा झिजंल! ह्या वयात कुणाला दावायचंय त्वांड?"

गेल्या खेपेला बाईंना म्हटलं, गोळी वाढवा, पापणी पडतेय. "कधी पडते?" "बघितलं की." त्या हसल्या. "बाबा, या आजारात एकसारखं वर बघितलं की पापणी दमणारच. तपासायचं काम माझ्यावर सोडा. गिळायला, श्वासाला त्रास झाला तर मात्र लगेच या."

एसटीत बसलो आणि तू आठवलीस. मी लहान आहे, आणि गाभण म्हैस व्यायच्या आधी आटवायला, म्हणजे तिचं दूध बंद करायला घेतलीय. तू धार एका वेळेवर आणलीस, मग दिवसाआड. मी मात्र सारखा गोठ्यात शिरून सड ओढून बघतोय, अजून दूध येतंय का. तू शेणाची पाटी खाली ठेवतेस आणि पाठीत धपाटा घालतेस. "आरं मुडद्या, सारखा हात लावलास तर ती पान्हा सोडणारच की! मग आटंल कवा?"

घरी येऊन आरसा तुझ्या सुनेच्या हवाली केला. तिनं तो ट्रंकेत टाकला. तरी डोळे आपोआप आढ्याकडे जातात, आता लिहितानाही दोनदा गेले. उद्याची गोळी मोडून ठेवलीय, अर्धीच घेणार. पण उरलेला तुकडा फेकलेला नाही. कागदात गुंडाळून कोपरीच्या खिशात ठेवलाय. घेईनच असं नाही, पण खिशात आहे म्हणून बरं वाटतं. हे तिला सांगितलेलं नाही.